गोगट्यांचं नेलपॉलिश

बिनलग्नाच्या पुरुषाने लाल नेलपॉलिश घ्यावं, तेही सारखं सारखं, हे पेणच्या बाजाराला नवीन होतं. घेणाऱ्याची स्वतःची नखं चिखलाने काळी. हे आमचे माडीवरचे भाडेकरू, गोगटे. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास किनाऱ्यावरच्या कुठल्याशा विद्यापीठातून धरमतरच्या खाडीवर संशोधनाला आले होते. कसलं, ते त्यांनी मला पुष्कळदा समजावलं. मी दर वेळी मान डोलावली आणि दर वेळी आमटीत मीठ दोनदा पडलं. गणपतीपर्यंत काही हाती लागलं नाही तर काम बंद आणि खोली खाली, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं होतं.

"अजून नक्की सांगता येत नाही," हे त्यांचं पालुपद. चहात साखर पुरे का? अजून नक्की सांगता येत नाही. बाहेर धो धो पाऊस, छत्री देऊ का? खिडकीबाहेर हात काढायचे, ओला हात निरखायचे आणि तेच म्हणायचे.

त्यात माणूस शाकाहारी. तरी रोज सकाळी मासळीबाजारात हिराबाईच्या टोपलीशी उभे. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, उलट्यासुलट्या करून बघायच्या आणि न घेता निघायचं. हिराबाई म्हणे, "सर, पोरगी बघाया आलाव का? पसंत नसंल तं बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

आमचे हे रोह्याला कंपनीत. शिफ्टमुळे ते घरी कमी, आणि मला उद्योग कमी. चाळिशीतली मी, स्वतःला फार चलाख समजायची. नेलपॉलिश आणि हिराबाई यांची मी बेरीज केली. हिराबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. खवल्यांखाली तिची नखं लाल आहेत का, हे बघण्यासाठी मी विनाकारण बोंबील घेतले. मग राहवेना.

"हिराबाई, माणूस चांगला आहे गो. फक्त कशाचं नक्की सांगत नाही."

"कुठला मानूस, वयनी?"

"आमचे गोगटे. नेलपॉलिश घेतात ना तुझ्यासाठी."

हिराबाईने कोयता खाली ठेवला आणि हसत सुटली. पाठोपाठ सगळी ओळ हसली. मग तिने टोपलीतून नांग्या बांधलेली एक चिंबोरी उचलून माझ्यासमोर धरली. पाठीवर लाल ठिपका.

"ही बघ तुझ्या सराची नवरी, आजच गावली. तो यांना रंगवतो नि पल्याडच्या काठाला सोडतो. आपल्या बिळात परत येतान का बघाया. सगल्या खाडीला ठाव हाय, तुलाच नाय?"

मला नव्हतं. चिंबोरी पिशवीत घालून मी घरी धावले. गोगटे ती बघून जिन्यावरच बसले. "कुठे सापडली?"

पंचाईत तिथेच होती. चिंबोरीची जागा खाडीत कोणी कोणाला सांगत नाही. ते बाजारात जाऊन हिराबाईपुढे हात जोडून उभे राहिले, पाठीमागे मी.

"जागा मी नवऱ्यालापन नाय दाखवली कधी," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "चला. पन बोललाव कुनाला तर बघा."

ओहोटीला दोघं गेली, चिंबोरी घेऊन. संध्याकाळी गोगटे गुडघाभर चिखलात परतले. मी दारातच उभी.

"अजून नक्की..." ते थांबले. "त्याच बिळात होती, वहिनी. जिथून मी उचलली होती, तिथेच."

काम वाचलं म्हणून मला बरं वाटलं, पण कोडं सुटेना. "एवढी खाडी ओलांडून आली. बिळात कोण असतं तिचं?"

"कोणी नाही. एकटीच राहते." त्यांनी खिशात किल्ली चाचपली. "तरी येते."

आणि काळोख्या जिन्याने वर गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांजेला मी माझ्याकडच्या किल्लीने माडी उघडून दिवा लावून ठेवू लागले. ते आल्यावर विचारायचे, "वहिनी, सकाळी दिवा मीच विसरलो का?"

मी तांदूळ निवडत म्हणायची, "अजून नक्की सांगता येत नाही."