सेन्सरचा गुरुवार

डाव्या इंजिनाच्या आगीच्या सेन्सरने गुरुवार धरला होता, म्हणून तो मीटरचा करंट घेईना.

सेन्सर म्हणजे इंजिनाभोवती गुंडाळलेली तार. इंजिन फार तापलं की पायलटपुढं घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. ते तो करेल का, हे उडण्याआधी मीटर लावून बघतात.

तारळेकर इंजिनियरनी विचारलं, "लहान मीटर चालेल?"

"चालेल. तो साबुदाण्याएवढा. मोठ्या मीटरचा, त्या मेगरचा करंट नको, ते जेवण झालं."

"आणि आग लागली तर?"

"घंटा वाजवीन की. आग काही कुणी रांधलेली नसते."

तारळेकरांना हे पटलं. पण मेगर लावल्याशिवाय विमान सोडता येत नव्हतं, आणि विमानात नवरी बसली होती. दुपारचा मुहूर्त, तोही नागपुरात.

शेवटी नवरीच शालू सावरत हँगरात आली. हर्षला तिचं नाव. "सेन्सरदादा, मीही उपाशीच आहे हो. तुम्ही कधी सोडणार?"

"दिवेलागणीला."

"तोवर नवरदेव दुसरी बघेल!"

सेन्सर म्हणाला, "आजाऱ्याचा उपास घरातलं दुसरं कुणी धरतं ना? तसा माझा कुणी धरा. मग मी जेवतो."

तारळेकर नाश्ता करून आलेले. दोघे मेकॅनिक वडापाव खाऊन. नवरीचा उपास दुपारी मुहूर्ताला सुटणार. उरलेला उपाशी मीच, हँगर झाडणारा, तोही बायकोशी भांडून निघालो म्हणून.

तारळेकर म्हणाले, "भिकातात्या, तुम्ही धरा."

"मी? जन्मात उपास केला नाही. आज कॅन्टीनला अंडाकरी आहे!"

"तात्या, पाया पडते," म्हणत पोरगी शालूसकट वाकली. आता हिला काय बोलणार? धरला.

सेन्सर मेगर पोटभर जेवला. आकडा चोख आला, विमान उडालं.

मी कॅन्टीनकडं वळलो, तर तारळेकर लहान मीटर घेऊन मागं. "तात्या, उपास मोडला तर तपासणी रद्द. विमान माघारी बोलवावं लागेल. बोटं पुढं करा."

त्यांनी बोटांना चिमटे लावले. काटा जरा हलला.

"नुसता वास घेतला!" मी ओरडलो.

ते विचारात पडले. "वास चालतो," म्हणाले.

मग रेडिओवर पायलट बोलला, "सेन्सर विचारतोय, तात्या काय करताहेत?"

"पाणी पितोय म्हणावं. आणि चौकशा बंद कर म्हणावं."

मग पायलट म्हणाला, "पाणी चालतं म्हणतोय. नागपूर दिसायला लागलं, उतरतो आम्ही."

मी आणखी एक तांब्या भरून घेतला.