कागद ऐकणारे सुपडूआप्पा

मागच्या रविवारी दुपारी सव्वाबारा वाजता, बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर, वरून पाचव्या पायरीवर सुपडूआप्पांवर अन्याय झाला. त्यांचा अख्खा दिवस कचऱ्याच्या पोत्यात टाकण्यात आला. टाकणारी मी.

अन्याय कोणावर, कधी, कुठे आणि कुणी केला हे पहिल्या चार ओळींत आलंच पाहिजे, ही आम्हा पत्रकवाल्यांची शिस्त. तापी स्वच्छ ठेवा म्हणून मी तीन वर्षं पत्रकं लिहितेय. ‘कुणी केला’ या जागी आजवर पुष्कळांना बसवलं. स्वतः बसायची ही पहिलीच वेळ, आणि जागा चांगलीच बोचते.

आप्पा म्हणजे सिंधीपुऱ्यात मी राहते त्या खोलीच्या खालच्या घरातले. मूळचे खानदेशातले, पण सगळी नोकरी इकडे कागदाच्या मिलमध्ये झाली. तिथून निवृत्त झाले, पण कागदातून नाही. आप्पा कागद ऐकतात. त्यांच्या हातात काहीही छापील द्या, वाणसामानाची चिठ्ठी, लग्नपत्रिका, कोर्टाची नोटीस. ते वाचत नाहीत. आधी अंगठा आणि बोटात धरून चोळतात. मग कानाशी नेऊन झटकतात आणि डोळे मिटून त्याचा आवाज ऐकतात. शेवटी कडेची बारीक पट्टी उभी फाडतात, एक आडवी फाडतात, आणि निकाल देतात.

माझं पहिलं पत्रक हातात घेतलं तेव्हा निकाल असा होता : “प्रेसवाल्यानं फसवलं तुले. जाड सांगून पातळ मारला.”

“आप्पा, मजकूर वाचा ना!”

“वाचू. पहिले कागद काय सांगून रायला ते तं ऐकू दे.”

दुसऱ्या मोहिमेत मी चकचकीत कागद वापरला. तो त्यांनी दोन बोटांत लांब धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा. “हा कागद नाय बाई. हा पावडर थापलेला नवरदेव हाये.” त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव पाम्प्लेटबाई ठेवलं आणि मी त्यांचं, मनातल्या मनात, ‘जनजागृती अशक्य’.

अकरा वेळा मी त्यांच्या दारात पत्रक दिलं. अकराही वेळा त्यांनी ते फाडलं. आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज यायचा, “कोन हाये हो?” आणि आप्पा म्हणायचे, “आपली पाम्प्लेटबाई.” “आत बोलवा ना तिले.” तोवर मी पुढच्या दारात असायची. मोहिमेत प्रत्येक दाराला दोन मिनिटं, हाही आमचा नियम.

मागच्या रविवारी पुण्याहून माझी मैत्रीण सायली आली. सकाळी बुऱ्हाणपूर पाहायचं आणि बाराला राजघाटाच्या सफाईत सामील व्हायचं, असं ठरलं होतं. सायलीच्या दृष्टीनं हा हिंदी बोलणारा परमुलूख. स्टेशनापासून ती सगळ्यांशी हिंदीत बोलत होती आणि सगळे तिला मराठीत उत्तरं देत होते. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांच्याशीही ती “अंकल, आप यहाँ कब से रहते हो?” असं सुरू झाली.

“तुझ्या जन्माच्या आधीपासून,” आप्पा म्हणाले.

“अय्या, मराठी! पण तुमचं मराठी थोडं वेगळं आहे ना?”

“आमचं जिथं होतं तिथंच हाये. तुमचंच पुढं निघून गेलं.” आणि उठलेच. “थांबा. पाहुणीले गाव मी दाखवतो.”

इस्त्रीचा शर्ट, टोपी, पाण्याची बाटली, खांद्याला कापडी पिशवी. शाळेची सहल निघावी तसे आप्पा निघाले. आतून काकू म्हणाल्या, “सगळीकडचं आना हो.” मला वाटलं, भाजी.

पहिला मुक्काम मावा जिलेबी. सायली खात होती, फोटो काढत होती. आप्पांनी दुकानदाराकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर आपली जिलेबी नीट टेकवली, तुपाचा डाग पडू दिला, कागद हुंगून पाहिला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. जिलेबी खाल्ली ती त्यानंतर.

“हे काय?” सायलीनं मला कुजबुजत विचारलं.

“असेच आहेत,” मी म्हणाले. कुणाला समजून घ्यायचा कंटाळा आला की हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

किल्ल्यावर गोंधळ झाला. सायलीनं तिकिटं फोनवर काढली. आप्पा खिडकीशी अडून बसले.

“माझं तिकीट?”

“चाचा, मोबाइल में है,” खिडकीतला तिकीटवाला म्हणाला.

“हातात काय हाये? मी आत गेलो होतो हे घरी कसं सांगू?”

मागची रांग कुरकुरायला लागली. मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. हमामात, म्हणजे किल्ल्यातल्या जुन्या शाही न्हाणीघरात, सायली छतावरची रंगीत फुलं पाहत मान दुखेपर्यंत उभी होती. आप्पांनी वर पाहिलंही नाही. ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत होते. मग मधोमध उभे राहून टाळी वाजवली आणि आवाज विझेपर्यंत थांबले. सायलीला विचारू लागले, “पायाले थंड लागून रायलं का? बाहेरच्याहून किती? वास कशाचा येते?” बाहेर पडताना एका कोरीव दगडाशी थांबले, पिशवीतून जाडसर कागद काढला, ओल्या रुमालानं जरासा दमट केला, दगडावर ठेवला आणि अंगठ्यानं कडाकडांनी दाबत बसले. लहान मूल झोपवताना थोपटतात तितक्या हळू. कागदावर फूल उमटलं. उठावाचं, बिनरंगाचं. तो कागद त्यांनी पिशवीत ठेवला नाही, टोपीत ठेवून टोपी हातात धरली.

सायलीनं हे सगळं मोबाइलवर घेतलं. आम्ही दोघी खूप हसलो.

बारा वाजता राजघाट. आमची पोरं पोती घेऊन तयार होती. मी माइक घेतला. बोलता बोलता पाहिलं, तर पाचव्या पायरीवर आप्पांनी दुकान मांडलेलं. सगळे कागद क्रमानं लावलेले, प्रत्येकावर एक खडा. जिलेबीचा डाग, केळ्याच्या वेफर्सच्या पुडीचा तुकडा, रिक्षावाल्यानं दिलेली कसलीशी जाहिरात, दगडावरचं फूल. वारा आला. जिलेबीचा कागद उडाला आणि पाण्याच्या कडेला जाऊन पडला.

पत्रकवाल्याला असा क्षण सोडवत नाही. मी माइकवरून म्हणाले, “हे बघा! दुसरीकडे कशाला बोट दाखवायचं? हे माझे शेजारी. आयुष्य कागदाच्या मिलमध्ये गेलं, अकरा पत्रकं यांना मी स्वतः दिली. आणि घाटावर कचरा कोण पसरतंय? हेच!” आणि खाली जाऊन मी पायरीवरचे सगळे कागद गोळा केले आणि पोत्यात टाकले. ओल्या निर्माल्यावर, चिखलावर. फूलसुद्धा.

आप्पा उभे राहिले. हात पुढे आला होता. “ते एक रायू दे वो...”

“आप्पा, कचरा तो कचराच!”

टाळ्या पडल्या. त्यांनी हात मागे घेतला. टोपी घातली. “पाहुणीले जेवू घाल,” म्हणाले, आणि त्या उन्हात एकटेच निघाले. सायलीनं व्हिडिओ टाकला. खाली ओळ मी सुचवली : ‘कागदआजोबांना कचरा सुटेना.’ संध्याकाळपर्यंत माझ्या ओळखीच्या प्रत्येकानं तो मला परत पाठवला होता.

सायलीला गाडीत बसवून आले तेव्हा दिवेलागणी झाली होती. आप्पांची कापडी पिशवी घाटावरच राहिली होती, ती द्यायला खाली गेले. दार उघडं होतं. पहिल्यांदाच मी त्या दारात दोन मिनिटांहून जास्त उभी राहिले.

काकू खाटेवर बसल्या होत्या. दिव्याकडे तोंड होतं, पण डोळे दिव्यावर नव्हते. कशावरच नव्हते. उजवा तळहात पुढे उघडा धरलेला होता.

“किल्ल्याचा द्या ना,” त्या म्हणाल्या.

“किल्ला आज बंद होता,” आप्पा म्हणाले.

“आनि जिलेबी?”

“दुकान बी बंद. रविवार ना.”

“मंग आज मी कुठीच गेली नाय?”

आप्पांनी शर्टाच्या खिशात हात घातला. माझं पत्रक निघालं, दुपारी घाटावर मी दिलेलं, बारावं. ते त्यांनी काकूंच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी ते अंगठा आणि बोटात चोळलं. कानाशी नेऊन झटकलं. डोळे मिटायची त्यांना गरज नव्हती. मग एक पट्टी उभी फाडली, एक आडवी.

“पातळ हाये. कुठला?”

“राजघाटचा. लई पोरं जमली होती. नदी साफ करून रायली होती. आपली पाम्प्लेटबाई माइकवर बोलली.”

“चांगली बोलली?”

“एकदम सही बोलली. लोकं टाळ्या वाजवत होते.”

“पाय बाप्पा,” काकू कौतुकानं म्हणाल्या, आणि पत्रक छातीशी धरून, मी किती चांगली बोलले ते ऐकत बसल्या.

मी आत गेले नाही. माफी मागितली नाही. पिशवी कडीला अडकवली आणि पाय न वाजवता जिना चढले. माइकवर खणखणीत बोलणारी मी.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आप्पांना गाठलं. व्हिडिओ सायलीला काढून टाकायला लावलाय, पण तो पसरलाय, आणि मी माफीचं पत्रक काढणार आहे, सगळ्या गावात वाटणार आहे, असं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“कागद कोनता घेशीन?”

“तुम्ही सांगाल तो.”

“खरबडीत घे. बोटाले लागला पाहिजे. तुझ्या काकूले काय छापलं ते मी सांगीन, कशावर छापलं ते ती मले सांगन.” आणि मग, “ते फूल मातर भारी उठलं होतं वो.”

बस. एवढंच बोलले ते त्याबद्दल.

हा मजकूर आप्पांनी वाचलेला नाही. कागद मात्र ऐकून, फाडून पसंत केला आहे. तो आता तुमच्या हातात आहे. म्हणून मागणी करते.

तो व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असेल तर आत्ता पुसा. पुढे पाठवला असेल तर ज्याला पाठवला त्याला फोन करून पुसायला लावा. आणि तुम्ही जिथं कुठं जाल तिथला एक कागद आणा. बसचं तिकीट चालेल, पेढ्याच्या पुड्याचा चालेल, डाग पडला असेल तर उत्तमच. सिंधीपुऱ्यात ओट्यावर टोपी घातलेले आप्पा दिसतील. पण कागद दारातून देऊन निघू नका. उंबरा ओलांडा, खाटेशी बसा, तो काकूंच्या हातात ठेवा, आणि त्या विचारतील ते सगळं सांगा.