यंत्राला गाऱ्हाणं

धर्मा तावड्यांच्या लॅपटॉपमध्ये नवीन विंडोज टाकून द्यायचं चंदूने फुकट कबूल केलं, तेव्हा मनातल्या मनात त्याने जमाखर्च मांडून ठेवला होता. खर्चाच्या बाजूला दसऱ्याची एक दुपार आणि स्वतःचा पेन ड्राइव्ह. जमेच्या बाजूला धर्माकाकांची मुलगी गुणवंती. मधल्या पायऱ्याही त्याने धरल्या होत्या: आज उंबऱ्याऐवजी खुर्ची, खुर्चीवर चहा, चहाबरोबर ‘पोरगो हुशार आसा’ असं एखादं वाक्य, आणि दिवाळी उलटली की रीतसर बोलणी.

गुणवंतीचा होकार कधीच खिशात होता. अडलं होतं ते काकांपाशी. चंदू लालबागला झेरॉक्सच्या दुकानात बसायचा आणि त्याबद्दल काकांचं मत ठाम होतं. “दिवसभर बटाण दाबता. बटाण काय, माकडपण दाबता!”

काका गिरणीत जॉबर होते; माग आणि मागवाले दोन्ही त्यांच्या हाताखाली. संप झाला, गिरणी बसली, त्यालाही आता जमाना झाला. पण यंत्रावरची त्यांची भक्ती काही संपावर गेली नव्हती. पूजेशिवाय त्यांनी कधी माग चालू होऊ दिला नव्हता. त्यामुळे चंदू डिलाईल रोडच्या चाळीत पोचला, तेव्हा लॅपटॉप पाटावर विराजमान झाला होता. पाटाभोवती रांगोळी, झाकणावर हळदकुंकू, पुढ्यात नारळ, आणि गळा सापडेना म्हणून चारी बाजूंनी वेढलेला झेंडूचा हार.

“काका, हार जरा काढू? कडेला पंखा आहे त्याचा. हवा लागते.”

“गरम व्हता तेका?” काकांचा चेहरा उजळला. “आमच्या मागाचापण तसाच व्हता!”

चंदूने पेन ड्राइव्ह लावला आणि काम सुरू केलं. पडद्यावर टक्के चढायला लागले तशी खोलीत माणसंही चढायला लागली. गिरणीतले जुने सोबती रामचंद्र घाडी एकुलत्या एका खुर्चीत येऊन बसले. काकांच्या पत्नी, रमाकाकू, पुरण ढवळता ढवळता हातात पळी घेऊनच बाहेर आल्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

“आता हा आपणहून बंद होईल,” चंदू म्हणाला, “आणि आपणहून सुरू होईल.”

“कोणी हात न लावता?” रामचंद्रांनी विचारलं.

“कोणी हात न लावता.”

खोलीतून एक लांब ‘आऽऽ’ गेला. काकांनी घाईघाईने सगळ्यांच्या हातांत अक्षता दिल्या. पडदा काळा झाला. मग उजळला. “टाका!” काका ओरडले, आणि लग्नात अंतरपाट दूर व्हावा तशा चारी दिशांनी अक्षता पडल्या. गुणवंतीने नेमका तेव्हाच चंदूकडे कटाक्ष टाकला. त्या कटाक्षात गुंग होऊन त्याने कीबोर्डवरचे तांदूळ तळहाताने खसाखसा सारले.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

“हात मागे घ्या सगळ्यांनी!” चंदू म्हणाला. “पहिल्यापासून करायचं असेल तर कोणतंही बटण दाबा, असं विचारतोय. आपण गप्प राहायचं. मग तो पुढे जातो.”

सगळ्यांनी हात पाठीमागे नेले. काकूंनी पळीसुद्धा मागे नेली. आणि लॅपटॉप पहिल्यापासून सुरू झाला.

“कोणी दाबलं?”

“माझे हात हे बघ!” गुणवंती म्हणाली.

पुन्हा सगळे टक्के चढले, पुन्हा प्रश्न आला, आणि कोणी बोटही लावलेलं नसताना पुन्हा पहिल्यापासून. चंदूच्या मानेवर घाम आला. त्याने पेन ड्राइव्हच उपटून काढला. तसा लॅपटॉप जागच्या जागी अडून बसला आणि टूं टूं करायला लागला.

“बोलता तो,” रमाकाकू कुजबुजल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

“बोलत नाय, रागावलोहा,” काका म्हणाले. “स्वतः विचारता, स्वतःच उत्तर देता. ह्यां साधां नाय, रामचंद्रा. उठ!”

चंदूने लॅपटॉप बंद केला. आज खुर्ची तर गेलीच होती, आता पोरगीही चालली, असं त्याला स्पष्ट दिसत होतं. काकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिवशी ह्या यंत्राची जी काय अडचण आसा, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खोली गरजली.

“ह्या पोराच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, तर तेका पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चंदूही ओरडला.

“यंत्र चालू झाला, तर हो चंदू जत्रेक येवन तुका कोंबो दितलो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काकांनी लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांनी उचलला, उभा धरला आणि कपाळाला टेकवला. तेवढ्यात स्पेसच्या बटणाच्या फटीत अडकलेला एक तांदूळ सुटला, दबलेलं बटण टक्कन वर आलं आणि तांदूळ काकांच्या पायावर पडला. तो चंदूने पाहिला. गुणवंतीनेही पाहिला.

“दाब बटाण!”

चंदूने दाबलं. टूं नाही, टां नाही. लॅपटॉप शहाण्या पोरासारखा पुढे गेला, आणि थोड्या वेळाने पडद्यावर निळं आकाश उगवलं. रामचंद्रांनी डोळे पुसले.

“ऐकल्यान,” काका म्हणाले. “देवान ऐकल्यान.”

“काका, खरं म्हणजे तो—” चंदूने तोंड उघडलं. गुणवंतीने मान किंचित हलवली. अक्षता कोणी वाटल्या, हे खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होतं. चंदूने तोंड मिटलं. “—तो पावला,” तो म्हणाला.

चहा आला. पहिला कप काकांना, दुसरा रामचंद्रांना. चंदूने काय केलं होतं? बटण दाबलं होतं.

पण रामचंद्र कप तोंडाजवळ नेता नेता थांबले. “धर्मा, तू नवस कोणाच्या नावान बोललंस?”

“चंदूच्या. चूक तेची.”

“आपल्या देवाचो नवस घरच्याच माणसान फेडूचो लागता. हो तुझो कोण?”

काकांचा कप बशीत वाजला. देवाला शब्द दिलेला, तो परत घेता येत नाही. आणि देव कसला, नुकताच कोणी हात न लावता बटण दाबून दाखवणारा! काका चंदूकडे बघत राहिले. मग गुणवंतीकडे. मग निळ्या आकाशाकडे बघून त्यांनी घाबरून हात जोडले.

“आता कसला इचार करतास?” रमाकाकू पळी हलवत म्हणाल्या. “जावय म्हणान न्या. पोळी वाढतंय मी तेका.”

हिशेब असा पुरा झाला. काकांना चालता लॅपटॉप मिळाला आणि मुलीला नवरा. रामचंद्रांना जन्मभर सांगायला गोष्ट मिळाली. देवाला मान मिळाला, गुणवंतीला चंदू आणि चंदूला गुणवंती. सगळ्यांचं जमेलाच लागलं. किंमत मोजायची ती गावच्या उकिरड्यावरच्या एका कोंबड्याने, आणि तो त्या वेळी छाती फुगवून जगाला दम देत हिंडत होता.