शिंगाडे सरांचा बटाटा

आमच्या स्टाफरूममध्ये चहा आला, की शिंगाडे सर माझ्या डब्याचं झाकण उचलतात, सरकवत सरकवत कुणाच्या तरी बशीवर नेतात, बरोबर मधोमध बसवतात आणि गर्जतात, "आधी सरकवा, मग फुगवा! झालं का नाय बशीएवढं?"

जगातले सगळे गोल समरूप असतात, हे पटवल्याशिवाय सर कुणाला सोडत नाहीत. ते गणिताचे, मी विज्ञानाचा शिक्षक, मला केव्हाच पटलंय. तरी सुटका नाही. शहागंजच्या बाजारात भांडी घेताना त्यांनी ताटली परातीत ठेवून हेच सुनावलं. दुकानदार म्हणाला, "एकच है ना सर? फिर छोटी लेके बड़ी के पैसे देव." सर दिवसभर खूश!

गेल्या महिन्यात त्यांनी वडिलांना, आबांना, देवगाव रंगारीहून फ्लॅटवर आणलं. गुडघे गेले म्हणून आबांनी मेंढरं विकली होती. जन्म रानात काढलेला माणूस गॅलरीत भिंतीकडं बघत बसे. बोलणं बंद, जेवण दोन घास. सरांचंही गर्जणं बंद झालं. मला तर धास्तीच वाटली.

एके दिवशी सर आबांना घेऊनच शाळेत आले. दहावीचा वर्ग मैदानात नेला आणि चुन्याच्या फक्कीनं गोल आखला. गोल कसला, बटाटा! पोरी खिदळल्या.

आबा काठी टेकत उठले. "मास्तर झालास अन् धड गोल येईना व्हय? खुट्टी आण! दोरी आण!"

त्यांनी खुट्टी रोवली, पोरांना दोरी धरून फिरवलं आणि दोन गोल आखून घेतले, एक लहान, एक थोरला.

"आबा, हा लहाना त्या थोरल्याएवढा करायचा तर?" सरांनी विचारलं.

"खुट्टी उपटून तिकडच्या खुट्टीवर न्यायची, दोरी वाढवायची. कोकरं झाली की मेंढरं कोंडायची जाळी अशीच तर मोठी करायचो. त्यात काय लई डोकं लागतंय?"

वर्गानं टाळ्या पिटल्या.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. "फळ्यावर नुसत्या हातानं अचूक गोल काढता तुम्ही. आजच कसा बिघडला?"

सर पायरीकडं बघत होते. तिथं आबा पोरींच्या घोळक्यात बसून कुणाच्या तरी डब्यातला ठेचा खात होते.

"भाकर मागून घेतली त्यांनी," सर म्हणाले. डोळे भरून आले होते, पण पुसायचं भान नव्हतं. मग म्हणाले, "उद्या नववीला घेतो, परवा आठवीला. पाचवीला हा धडा नाय, पण घेतो."