सासऱ्यांच्या सत्तरीची दारू

"बघच तू मिरान, या वेळी बाबा स्वतः वाटी पुढे करतील! वर म्हणतील, आणखी ओता!"

तेग्यूने हे इतक्या ठसक्यात सांगितलं, की दारू जणू गाळून तयारच होती. त्याची बायको मिरान लसूण सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"मागच्या वेळी आईने तुमची दारू मुळ्याच्या कोशिंबिरीत घातली. व्हिनेगर संपलं होतं म्हणून."

"ते तापमानामुळे!"

तेग्यूचं हे एक बरं होतं. दारू बिघडली की दोषी तयार! आधी तांदूळ दोषी होता, मग भांडं, मग छंगजू शहरातल्या नळाचं पाणी. आता तापमान. स्वतः तेग्यू सोडून सगळे एकेकदा आरोपी झाले होते.

पण या खेपेला प्रकरण गंभीर होतं. डिसेंबरात सासरे सत्तरीचे होणार होते आणि सगळ्या साडू-मेव्हण्यांसमोर हा गडी बोलून बसला होता, की वाढदिवसाची दारू माझ्या घरची! लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण सासरे जावयाशी 'हं' च्या पुढे गेले नव्हते. आलात? हं. निघालात? हं. दारू प्यायले तेव्हाही, हं! त्या 'हं' नंतर एक तरी शब्द ऐकायचा, एवढीच या माणसाची इच्छा. बाकी जग त्याच्याशी भरपूर बोलायचं. बायको तर जास्तच.

"बोनसमधून एक वस्तू घ्या," बायको म्हणाली. "एकच! दुसरी दिसली तर तिच्यासकट बाहेर झोपायचं."

झालं! एक वस्तू म्हटल्यावर तेग्यूची झोप उडाली. त्याचा दारूमित्र सांगबे रोज वेगळा सल्ला द्यायचा. सोमवारी म्हणाला, स्टीलचं पिंप घे. मंगळवारी म्हणाला, पिंप घेतलंस तर नळ लागेल, नळ आला की गाळणीयंत्र लागेल.

"अरे, मग काय घेऊ?"

"तापमान घे!"

"ते कुठल्या दुकानात मिळतं, गाढवा?"

शेवटी तोडगा निघाला, आणि तेग्यूच्या मते तो नामी होता. किमचीचा, म्हणजे कोबीचं ते तिखट लोणचं गार ठेवायचा, जुना फ्रिज घ्यायचा! पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. कुणीतरी घर बदलताना अ‍ॅपवर फुकटात काढून टाकला होता. वाचलेल्या पैशांत तापमान राखणारा एक छोटा डबा घ्यायचा. फ्रिजची वायर त्या डब्यात लावली की आत बावीस अंश म्हणजे बावीस अंश. गार पडलं तर डबा फ्रिजच्या आत बसवलेला गरम पट्टा चालू करणार, तापलं तर फ्रिज.

"फ्रिज आणि डबा. दोन वस्तू झाल्या," मिरान म्हणाली.

"फ्रिज फुकट आहे! फुकटची वस्तू मोजत नाहीत!"

लिफ्टमधून फ्रिज वर नेताना वॉचमनने पाठ थोपटली. "वा साहेब! सासूबाईंच्या किमचीची सोय केलीत! असे जावई हल्ली कुठे राहिलेत?" तेग्यू हसला. तिथेच बोलला असता, नाही हो, ही दारूची सोय, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण कौतुक कोणाला नको असतं?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मिरानच्या पाठीमागे फ्रिज दिसला आणि तिकडे ग्वेसान गावी आपल्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला.

"माझ्या किमचीसाठी आणलात ना जावईबापू? शेजारणीच्या जावयाने साधा चमचा आणला नाही हो कधी!"

तेग्यूने तोंड उघडलं. मिरानने दंडाला असा चिमटा घेतला, की उघडलेल्या तोंडातून फक्त "होय आई" एवढंच बाहेर पडलं.

तेग्यूने भाबडेपणाने गृहीत धरलं, की किमची यायला अजून वेळ आहे. फ्रिजमध्ये त्याचं दारूचं मडकं छान बुडबुडत होतं. गुरुवारी ऑफिसात असताना सासूबाईंचा फोन आला. घराच्या कुलुपाचा नंबर त्यांना पाठ होताच.

"आम्ही येऊन गेलो हो! हिवाळ्याची सगळी किमची तुमच्या फ्रिजमध्ये ठेवली. मिरानच्या बहिणींचीही. त्यात कसलंसं मडकं होतं, ते बाल्कनीत ठेवलं. वास येत होता त्याला!"

बाल्कनीत! या थंडीत! तेग्यू धावत घरी आला, मडक्याला रजई गुंडाळली, मिरानचा लोकरीचा कोट गुंडाळला, वर गरम पाण्याच्या पिशव्या बांधल्या. ताप आलेल्या बाळाची आई करणार नाही इतकी सेवा केली. तांदूळ तळाशी गप्प बसून राहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ!

"किमची काढून मडकं परत आत ठेवू का?" त्याने घाबरत विचारलं.

"हात तर लावून बघा!" मिरान म्हणाली.

म्हणून त्याने फ्रिजला हात लावला नाही. झाकणसुद्धा उघडलं नाही. आणि तो छोटा डबा? तो बिचारा इमानेइतबारे काम करत होता. बावीस अंश म्हणजे बावीस अंश!

रविवारी फ्रिजमधून फट्ट असा आवाज आला. मग आणखी एक. मिरानने झाकण उघडलं आणि "अगं आई गं!" म्हणून मागे सरली. किमचीच्या डब्यांची झाकणं उडाली होती, लाल पाणी तळाशी साचलं होतं आणि आंबट वास थेट लिफ्टपर्यंत पोचला होता. तीन घरांची हिवाळ्याची किमची चार दिवसांत म्हातारी झाली होती!

"अहो, हा फ्रिज आहे की भट्टी?"

तेग्यूला त्या छोट्या डब्यावरचा बावीसचा आकडा दिसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तापमान," तो पुटपुटला. पुढे मिरान काय बोलली ते छापण्यासारखं नाही.

वाढदिवसाला ते ग्वेसानला पोचले ते आंबट किमची आणि थंडगार मडकं घेऊन. सासूबाईंनी किमची चाखली, जावयाकडे पाहिलं आणि जमिनीवर बसकण मारली. नंतर मडक्यात बोट बुडवून चाटलं. "ही दारू? ही तर तांदळाची पेज!" त्यांनी ती पेज पिठात ओतली, आंबट किमची चिरून त्यात टाकली आणि धिरडी घालायला घेतली. निदान वाया तरी जाणार नव्हतं. साडूने दुकानातून दारूच्या बाटल्या आणल्या आणि त्या तेग्यूच्या अगदी समोर मांडल्या. मुद्दाम!

सासऱ्यांनी धिरड्याचा घास घेतला. चावणं थांबलं. सगळं घर थांबलं.

"आणखी आहे?" सासरे म्हणाले.

पाच धिरडी गेली! मग त्यांनी बाटली उचलली आणि "जावईबापू!" अशी हाक मारली. तेग्यूने धडपडत दोन्ही हातांनी वाटी पुढे धरली. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने ती काठोकाठ भरली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा!

"माझी आई अशी आंबवायची किमची. अगदी अशी! हिने लग्नापासून गार करकरून कधी आंबूच दिली नाही. कसं जमवलंत हो?"

तेग्यू छाती फुगवून म्हणाला, "तापमान, बाबा! सगळा खेळ तापमानाचा!"

"दर वर्षी करायची. तो फ्रिज आता याच कामाला ठेवा."

"हो बाबा! पण... दारू कशात करू?"

सासऱ्यांनी दुकानातल्या बाटलीचं बूच फिरवून घट्ट लावलं.

"हं," ते म्हणाले. "दारू काय हो, विकत मिळते."