मॅनेजरची खोड

गेनाआण्णांनी फुटबॉलच्या मॅनेजरचे दात बघायला मागितले, तेव्हा मी माझा मोबाईल त्यांच्या हातातून काढून घेतला. पडद्यावर बोट घासून ते एका सभ्य इटालियन गृहस्थाचा वरचा ओठ उचलायच्या खटपटीत होते.

"दात दिसल्याबिगर वय कसं कळावं, सर?" ते म्हणाले. "केसाला काय, कुनीबी रंग लावतंय."

आण्णा पाटोद्यातले माझे शेजारी. सारा जन्म बैलबाजारात दलाली केली. फुटबॉलचा सामना त्यांनी कधी पुरा पाहिलेला नाही, दहाव्या मिनिटाला ते घोरायला लागतात. पण इंग्लंडातल्या एका बड्या क्लबला मॅनेजर कोण मिळावा, हा गेले दोन महिने त्यांच्या घरातला सर्वांत मोठा प्रश्न होता. क्लबचं नाव मी सांगत नाही, त्यांची आधीच पुरेशी शोभा झाली आहे.

याचं मूळ त्यांचा मुलगा संतोष. तो मस्कतला एका गोदामात कामाला आहे आणि खोलीतल्या केरळी मित्रांच्या नादानं या क्लबचा भक्त झालाय. क्लबनं जुना मॅनेजर हाकलला त्या दिवशी त्यानं फोनवर सहज विचारलं, "आण्णा, तुमी असता तर कसला घेतला असता?" आण्णा तिथून जे सुटले ते सुटलेच. रोज संध्याकाळी संतोषचा फोन, आणि त्याची तयारी म्हणून रोज दुपारी आण्णा माझ्याकडे, उमेदवारांचे व्हिडिओ बघायला. शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे मला पळायलाही जागा नव्हती.

परीक्षा अर्थातच बैलाची. सामनाभर च्युइंगम चघळणारा एक जण त्यांना पहिल्या नजरेत पसंत पडला. "रवंथ करतंय, म्हंजी पोट बरं हाय." दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या चालीत खोट निघाली. पंचाच्या अंगावर धावून जाणारा तो मारका. हरायला लागलं की डोकं धरून बाकावर बसणारा तो बशा. "चढ लागला की बसनार. शेपूट पिरगाळा न्हाई तर काई करा, उठत न्हाई." दर दोन वर्षांनी क्लब बदलणाऱ्याकडे तर त्यांनी नीट पाहिलंही नाही. "दावं तोडतंय," म्हणाले, "फुडचा दाखवा."

एक जर्मन मला मनापासून आवडला होता. शांत, हुशार, जाईल तिथं जिंकलेला. आण्णांनी त्याला तीनदा चालताना पाहिलं.

"एवढं गुनाचं हाय, तर आदीच्या मालकानं इकलं कावून?"

"विकलं नाही हो, त्यानं स्वतः राजीनामा दिला."

"खोड लपवायच्या लई तऱ्हा असत्यात, सर. मीच जन्मभर लपवल्या."

असे सतरा उमेदवार नापास झाले. मी वैतागलो. एवढा हट्टी आणि अडाणी माणूस आपल्याच भिंतीला भिंत लावून का राहावा, असंही मनात येऊन गेलं.

मग एका संध्याकाळी बातमी आली. क्लबनं माझाच जर्मन नेमला होता! मी विजयी मुद्रेनं आण्णांच्या ओसरीवर धावलो. त्यांच्या पत्नी शेवंताकाकू डाळ निवडत होत्या.

"आण्णा, ठरला! आपला जर्मन!"

मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण होणार. आण्णा नुसते "ठरला?" म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"तुमी तरी चार दिस दम धरायचा, सर," काकू म्हणाल्या.

"मी दम धरून काय होणार, काकू? साऱ्या जगाला कळलंय."

"आदी लेकराचा म्हैन्याला एक फोन यायचा. जेवला का, जेवलो. पाऊस हाय का, न्हाई. झालं. दोघायला फुडं बोलताच येत न्हाई. ह्या मॅनेजरापायी दोन म्हैने रोज अर्धा-अर्धा तास बोललं पोरगं."

मला माझीच लाज वाटली. सतराच्या सतरा उमेदवार कशासाठी पडले, हे मला, म्हणजे गावाला शिकवणाऱ्या माणसाला, एकदाही कळलं नव्हतं.

मी तिथंच बसून राहिलो. संध्याकाळी सात वाजले, सव्वासात झाले, फोन आला नाही. साडेसातला आण्णांनी स्वतःच नंबर लावला; त्यांच्या फोनचा आवाज ओसरीभर ऐकू येतो.

"संतोष, ठरला म्हनं."

"हां आण्णा. चांगलाय."

"जेवला का?"

"जेवतो आता."

काकूंचा डाळीतला हात थांबला. मला उठून जावंसं वाटत होतं, पण पाय निघेना.

आण्णांनी घसा खाकरला. "बरं, पर ह्याच्या जोडीला कोन देनार हायेत? एकटा बैल कुठं चालत असतो का?"

पलीकडे संतोष हसला. "असिस्टंट म्हनता व्हय? चार नावं आल्यात आण्णा. थांबा, सांगतो."

आण्णांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि भिंतीला पाठ टेकली.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "एकेकाचं सांग."