फीत कापायच्या आधी

"अरुणाताई, किल्ली माझ्याकडं द्या," करवीर मित्र सेवा क्लबचे अध्यक्ष विजयसिंह म्हणाले, आणि अरुणा मगदूमने पर्स काखेत आणखी घट्ट दाबली.

भाजी मंडईच्या कोपऱ्यावर क्लबने बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं होतं. अरुणा त्याची प्रकल्पप्रमुख. परवानग्या, वर्गणी, गवंडी, नळ या सगळ्यांमागे चपला झिजवल्या त्या तिनेच. दिवाळीआधी काम पुरं झालं, पाणी आलं, दिवे लागले आणि त्याच संध्याकाळी विजयसिंहांनी तिलाच दाराला कुलूप ठोकायला लावलं. या भागातल्या सगळ्या क्लबांवर देखरेख करणारे प्रांतपाल वर्षातून एकदा भेटीला येत. उद्घाटन त्यांच्याच हातून झालं की क्लबचं नाव होतं आणि अध्यक्षाच्या कोटावर आणखी एक पिन चढते. विजयसिंहांच्या कोटावर नेमकी एका पिनेची जागा उरली होती.

आज मांडव होता, लाल गालिचा होता, ध्वनिक्षेपक होता, दारावर गुलाबी फीत होती. नव्हते ते फक्त प्रांतपाल. गारगोटीच्या क्लबला भेट देऊन येताना त्यांची गाडी बिद्रीजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली होती.

तेवढ्यात मेथीची पाटी तशीच टाकून झुंबरबाई गालिचावरून तरातरा आल्या. त्या पहाटे गगनबावड्याच्या गाडीने येत आणि संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. घेतला तर जायचं कुठं?

"ताई, उघडा की! आज गारठ्यानं लई हाल झाल्यात."

"बाई, थोडं थांबा," विजयसिंह मध्ये पडले. "साहेब यायच्यात. फीत कापली की तुमचंच हाय."

"सायेब कापंपातूर मी थांबंन हो, पर माझं पोट कुठं थांबतंय?"

मांडवातले सभासद एकदम आकाशाकडे बघू लागले. अरुणाच्या मनात दिवाळीपासून जे खदखदत होतं ते उतू गेलं. तिने पर्स उघडली, किल्ली काढली, फितीखालून वाकून पलीकडे गेली आणि कुलूप काढलं.

"अहो, काय करताय हे?" विजयसिंह ओरडले. "प्रकल्पप्रमुखपद काढून घेईन मी!"

"घ्या की. कुलूपबी घेऊन जावा, घरी उपयोगी पडंल," अरुणा म्हणाली आणि कुलूप त्यांच्या हातात ठेवून दार सताड उघडलं. "जावा, झुंबरबाई."

झुंबरबाई गेल्या. कांदेवालीने बघितलं, तिने लिंबूवालीला खूण केली, आणि बघता बघता गालिचावर बायकांची रांग लागली. वाकून वाकून कंबर धरली तशी एकीने फीत सोडूनच टाकली. विजयसिंह ती शोधू लागले तर ती बयाबाईंच्या कोथिंबिरीच्या जुडीला बांधलेली.

"आवो बाई, ती फीत हाय आमची!"

"मग जुडी घ्या, फीत फुकट," बयाबाई म्हणाल्या.

विजयसिंह जुडीशी झटत असतानाच फोन आला. गाडी रंकाळ्याजवळ पोचली होती. "अरुणाताई, रांग हटवा. पाया पडतो. फोटोपुरतं तरी दार लावा."

"आत माणसं हायत. बाहेरनं कडी घालू काय?"

"मग मी हटवतो." ते रांगेकडे वळले. "चला, मागं व्हा सगळ्याजणी! पावणं आल्यात!"

"पावण्यास्नी म्हणावं, या," झुंबरबाई बाहेर येत म्हणाल्या. तोंडावर पाणी मारून त्या अगदी टवटवीत झाल्या होत्या. "पर रांग मोडायची न्हाय."

गाडी थांबली. हलगी वाजली. विजयसिंह पुष्पगुच्छ घेऊन धावले. पण मागचं दार आधी उघडलं आणि प्रांतपालांच्या पत्नी संयोगिताबाई उतरल्या. पुष्पगुच्छाकडे, कॅमेऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. रांग बघितली, फलक वाचला आणि पदर खोचून लिंबूवालीच्या मागे उभ्या राहिल्या.

"वहिनीसाहेब, तुम्ही पुढं या ना," विजयसिंह अजिजीने म्हणाले.

"नको. नंबर जाईल," त्या म्हणाल्या. लिंबूवालीने त्यांना आपल्या पुढे घेतलं ते वेगळं; लगेच नंबर लागला आणि त्या आत गेल्या.

मग प्रांतपाल उतरले. साठीपुढचे, भारदस्त, डोक्यावर फेटा बांधून घेतलेले. चांदीच्या ताटातली कात्री त्यांनी उचलली आणि इकडेतिकडे बघितलं. "फीत?"

अरुणा पुढे झाली. परिणाम काय होणार ते तिला ठाऊक होतं; पण आता मागे सरायचं नव्हतं. "साहेब, उद्घाटनाआधी मी उघडलं. बायकांना गरज होती. शिक्षा करायची तर मला करा. पण पुन्हा कुलूप लावणार नाही."

विजयसिंहांनी डोळे मिटले. प्रांतपाल मात्र तिच्याकडे वाकले आणि घशातल्या घशात म्हणाले, "ते राहू दे बाई. पुरुषांचं कुठं आहे?"

"पुरुषांचं?" विजयसिंह सावरून म्हणाले. "ते पुढल्या वर्षीच्या आराखड्यात हाय, साहेब!"

"पुढल्या वर्षी?" प्रांतपालांचा आवाज कातर झाला. गारगोटीकरांनी त्यांना आग्रह करकरून दोन ग्लास उसाचा रस पाजला होता.

झुंबरबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं. जन्मभर असं थांबलेल्या बाईला आणखी काही विचारावं लागत नाही. त्यांनी रांगेकडे वळून हात वर केला. "पोरींनो, सरा जरा. म्हातारं माणूस हाय. आतल्या येऊ द्यात भायेर, मग ह्यास्नी जाऊ द्या. मी दारात ऱ्हातो."

संयोगिताबाई बाहेर आल्या. नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा त्यांनी काढून घेतला आणि त्याला आत पिटाळलं. हलगीवाल्याला वाटलं हाच मुहूर्त. त्याने कडकडाट केला. इतक्यात पलीकडच्या गल्लीतून चार बायका घाईघाईने आल्या. हलगीच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना, म्हणून झुंबरबाईंनी विजयसिंहांच्या हातातला माईकच ओढला.

"थांबा गं!" साऱ्या मंडईत कर्ण्यावरून त्यांचा आवाज घुमला. "आत परांतपाल बसल्यात!"

हलगी थांबली. तराजू थांबले. विजयसिंह मटकन खुर्चीत बसले.

अरुणाने झुंबरबाईंच्या हातातून माईक घेतला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उद्घाटन झाल्याचं मी जाहीर करते."